तिफन, चरखा आणि सायकलचे चाक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

यवतमाळहून धामणगावला जाणाऱ्या रस्त्यावर बाभुळगाव लागते. तालुक्याचे गाव आहे. आजूबाजूला काळी जमीन, कापूस, तूर आणि आता सोयाबीन. गावाच्या नावातच बाभूळ आहे, आणि आजचे माझे बोलणेही मी बाभळीपासूनच सुरू करणार आहे. विषय मात्र झाडांचा नाही. विषय आहे रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या घडणीचा, ज्याला आपण हल्ली ‘डिझाइन’ म्हणतो. हा शब्द कानावर पडला की डोळ्यांपुढे मोटारगाडी येते, मोबाइल येतो, नाहीतर शहरातल्या दुकानातली एखादी गमतीदार खुर्ची येते. बंडी, तिफन, डवरा, चरखा यांची आठवण कोणाला होत नाही. पण कमी साधनांत, कमी पैशांत आणि कमी वेळात काम करून दाखवणारी वस्तू कशी घडवावी, याचे धडे या साध्या अवजारांत भरलेले आहेत.

बाभळीचे लाकूड जड, चिवट आणि घट्ट असते. आपटले, घासले, चिखलात राहिले तरी ते लवकर हार मानत नाही. म्हणून बंडीचे चाक, अवजारांचे खोड, कुऱ्हाडीचा दांडा, असे जिथे मार बसतो तिथे बाभूळ वापरली जाई. बंडीच्या चाकाचेच पाहा. लाकडी चाक तयार झाले की लोहार त्यावर लोखंडी धाव चढवतो. ही धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान केलेली असते. ती विस्तवात लाल होईपर्यंत तापवली की फुगते, मग चिमट्यांनी धरून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सारे चाक आवळून धरते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे शाळेत न शिकलेल्या माणसांनी ते ज्ञान गावच्या आवारात रोज वापरले.

याहून नवलाची वस्तू म्हणजे तिफन. ‘तिफन’ म्हणजे तीन फणांची. एका आडव्या लाकडी खोडाला तीन दाते, दात्यांच्या टोकाला लोखंडी फण. प्रत्येक दात्यामागे एक पोकळ वेळूची नळी, आणि तिन्ही नळ्या वर जिथे एकत्र येतात तिथे लाकडाचे कोरलेले चाडे. पेरणारी व्यक्ती मुठीतून चाड्यात दाणे सोडते. चाड्याच्या तीन भोकांतून ते तीन नळ्यांत वाटले जातात आणि फणांनी उघडलेल्या तीन तासांत ओलीच्या खोलीवर जाऊन पडतात. यात ना कमान, ना दात्याचे चाक, ना मोजमापाचा काटा. दाणा दाट पडायचा की विरळ, हे पेरणाऱ्याची मूठ आणि बैलांची चाल ठरवते. चांगली मूठ असलेल्या माणसाला किंवा बाईला पेरणीच्या दिवसांत मोठा मान असे, कारण मुठीतली चूक आठ दिवसांनी सगळ्या शिवाराला दिसे.

तिफनीच्या मागे दोरीने बांधलेला सरता चाले. सरता म्हणजे वर छोटे चाडे असलेली एक सुटी नळी. ती हाताने धरून चालणारी बाई ज्वारीच्या तासांच्या मध्ये तुरीचे किंवा दुसऱ्या कशाचे तास पेरी. एकाच फेरीत दोन पिके. पाऊस कमी झाला आणि एक पीक गेले, तरी दुसरे हाती लागावे हा त्यातला हिशोब. कपाशीची सरकी पेरायची तर आणखी एक अडचण. तिच्यावरच्या बारीक तंतूंमुळे सरक्या एकमेकींना चिकटतात आणि नळीत अडकतात. त्यावर उपाय म्हणून सरकी शेण-मातीत चोळून, वाळवून घेत. मग ती गोल दाण्यासारखी सरसर खाली उतरे. अवजार बदलण्याऐवजी बियाणेच अवजाराजोगे करून घेण्याची ही युक्ती मला तरी फार हुशारीची वाटते.

आणि गोष्ट इथे संपत नाही. तिफनीच्या दोन फणांत जितके अंतर, त्या मापानेच डवऱ्याची पास असते. पीक वितभर झाले की दोन तासांमधून डवरा फिरतो, तण कापतो आणि माती भुसभुशीत करतो. बैलांच्या एका जोडीमागे दोन-तीन डवरे एकदम चालतात. बैलांनी पिकाला तोंड लावू नये म्हणून त्यांना मुसके बांधायचे. म्हणजे तिफन, डवरा, जू, मुसके या वेगवेगळ्या वस्तू नाहीत. ते एकमेकांच्या मापाने बांधलेले एक कुटुंब आहे. पेरतानाच पुढच्या दोन महिन्यांच्या निंदणी-डवरणीचा विचार झालेला असतो.

ही रचना कोणी केली? नाव कोणालाच ठाऊक नाही. पण तिच्याविषयी परक्यांनी काय लिहून ठेवले ते मात्र वाचायला मिळते. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल याने १७०१ च्या सुमारास घोड्याने ओढायचे पेरणीयंत्र केले, आणि तिकडच्या शेतीच्या इतिहासात ती मोठी घटना मानली जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॅलकॉट नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी दक्षिण भारतात होता. पेरणीयंत्र हा युरोपचा अलीकडचा शोध आहे अशी त्याची समजूत होती. एकदा शेतावरून जाताना त्याने साध्या शेतकऱ्याला त्याच तत्त्वाच्या अवजाराने पेरताना पाहिले आणि त्याची समजूत बदलली. त्याने ही हकिकत लंडनच्या शेतकी मंडळाला लिहून कळवली. धरमपाल यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अठराव्या शतकातील भारतीय विज्ञानावरच्या ग्रंथात असे अनेक जुने कागद एकत्र आणले. हे धरमपाल आयुष्याच्या अखेरीस आपल्या शेजारच्या सेवाग्रामला राहिले आणि २००६ साली तिथेच वारले.

पुढे १८८९ साली जॉन ऑगस्टस व्होल्कर हे शेतीरसायनाचे तज्ज्ञ ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात पाठवले. इथली शेती सुधारायची कशी हे त्यांनी सांगायचे होते. ते देशभर फिरले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल छापला गेला. इथल्या शेतकऱ्याला शिकवण्याआधी त्याच्याकडून पुष्कळ शिकण्याजोगे आहे, असा त्या अहवालाचा एकंदर सूर आहे. अवजारांबद्दल त्यांनी बजावले की जुन्याच्या जागी नवे आणायचे असेल तर ते साधे, स्वस्त आणि उपयोगी असलेच पाहिजे. या तीन अटी श्रोत्यांनी ध्यानात ठेवाव्या. त्या पुढे पुन्हा आपल्याला भेटणार आहेत.

व्होल्करांच्या तीन अटींना मी चौथी जोडेन. वस्तू बिघडली तर ती कोण नीट करील आणि किती वेळात? कोरडवाहू शेतीत हा प्रश्न जिवाचा असतो. मृगाचा पाऊस पडला की जमिनीला वापसा येतो आणि तो दोन-चार दिवसांत निघून जातो. तेवढ्यात पेरणी साधली तर वर्ष साधले. हुकली, तर दुबार पेरणीचे संकट. अशा वेळी तिफनीचा दाता मोडला आणि तो दुरुस्त व्हायला आठवडा लागला तर ती तिफन कितीही सुबक असून काय कामाची? म्हणून तिफन अशी केली होती, की गावातल्या वाढयाने म्हणजे सुताराने बांधावरच्या बाभळीचा तुकडा तासून दुपारपर्यंत नवा दाता बसवावा. सगळी जोडणी खुंट्या, पाचरी आणि दोऱ्यांची. जे झिजते ते सुटे, जे सुटे ते गावात मिळणारे.

या व्यवस्थेची मला आरती ओवाळायची नाही. वाढयाला बलुत्याचे धान्य मिळे ते पुष्कळदा अपुरे आणि तेही जातीच्या उतरंडीत बांधलेले. सरत्यामागे दिवसभर चालणाऱ्या बाईच्या पायांचा विचार कोणी केला नव्हता. चांगली मूठ नसेल तर तिफन वाकडीतिकडी पेरते. पण बिघाड झाल्यावर वस्तू आपल्या हाताबाहेर जाऊ नये, हा तिच्या रचनेतला विचार खरा होता आणि आजही तो खरा आहे.

स्वातंत्र्यानंतर हीच गोष्ट दोन पाहुण्यांनी वेगळ्या शब्दांत सांगितली. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतले नामवंत डिझायनर पती-पत्नी भारत सरकारच्या निमंत्रणावरून आले आणि १९५८ साली त्यांनी आपला अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था पुढे १९६१ साली निघाली, तिच्यामागे हा अहवाल होता. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांना सर्वांत थोर वाटला तो आपला लोटा. त्यात पाणी किती मावते, तो कमरेवर धरायचा की डोक्यावर, भरला असताना आणि रिता होताना तोल कसा राहतो, हाताला कसा लागतो, घासायला कसा, मोडीत किती पैसे येतात, असे प्रश्न त्यांनी मांडले. हे सगळे एका माणसाने बसून ठरवलेले नाही, कितीतरी पिढ्यांनी थोडे थोडे घडवले, असे त्यांचे म्हणणे होते. तिफनीलाही ते शब्दशः लागू पडते.

पण सारे काही पिढ्यान्‌पिढ्या आपोआपच घडते असे नाही. कधी एखादा माणूस जिद्दीने नवी वस्तू आणतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण मराठी माणसाला ठाऊक आहे. बेळगावात सायकलींचे दुकान काढणाऱ्या या माणसाने पुढे कडबा कापायचे यंत्र केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर. शेतकरी नांगर घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. तिला आपण आज हसतो, पण तिच्या पोटात एक व्यवहारी शंका होतीच: हा मोडला तर आमचा सुतार काय करणार? लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. झिजलेला फाळ काढून नवा बसवता येतो हे दिसले, नांगर खोल चालतो हे दिसले, तेव्हा तो खपू लागला. १९१० साली औंधच्या राजांच्या मदतीने किर्लोस्करवाडी वसली ती या नांगराच्या आधारावर.

आता बाभुळगावच्या शेजारी, वर्धा नदीपलीकडे जाऊ. कापूस आमच्या शेतात पिकायचा, गाठी बांधून धामणगावच्या स्टेशनावर जायचा आणि कापड होऊन परत यायचा. या फेऱ्यात शेतकऱ्याच्या घरी उरायचे फार थोडे. चरख्याच्या चळवळीमागे हा हिशोब होता. पण जुन्या चरख्यावर सूत फार कमी निघते, ही अडचण गांधीजींना चांगली ठाऊक होती. ती सोडवण्यासाठी १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने एक स्पर्धा जाहीर केली. बक्षीस होते एक लाख रुपये! त्या काळचे लाख रुपये म्हणजे काय, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

त्या स्पर्धेच्या अटी म्हणजे वस्तू कशी असावी याचा उत्तम पाठ आहे. चरखा हलका आणि सुटसुटीत हवा. खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने सहज चालवता आला पाहिजे. बाईला फार श्रम न होता आठ तास काम करता आले पाहिजे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघाले पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या वर नको. वेळच्या वेळी देखभाल केली तर तो २० वर्षे टिकला पाहिजे, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या शेकडा ५ पेक्षा जास्त होता कामा नये. व्होल्करांची ‘साधे, स्वस्त, उपयोगी’ ही त्रयी इथे पुन्हा आली आहे आणि दुरुस्तीची चौथी अट तर आकड्यात मांडली आहे. आजही किती कारखानदार आपल्या मालाच्या दुरुस्तीचा खर्च आधी लिहून देतील?

बक्षिसासाठी अनेकांनी खटपट केली. किर्लोस्करांच्या कारखान्यात गणेश भास्कर काळे यांनी केलेला चरखा त्यांत विशेष गाजला. पण सर्व अटी पुऱ्या करणारा चरखा ठरला नाही आणि लाखाचे बक्षीस कोणालाच मिळाले नाही. भरपूर सूत काढणारे यंत्र करायचे तर ते जड आणि गुंतागुंतीचे होते. हलके आणि सोपे ठेवायचे तर सूत कमी निघते. या दोन टोकांत तोल साधणे हेच अवघड, आणि परीक्षा तीच होती. पुढे १९५० च्या दशकात तामिळनाडूतील एकांबरनाथ यांचा चरखा देशभर पोहोचला. त्यांच्याच नावावरून तो ‘अंबर’ चरखा झाला.

लाखाचे बक्षीस तसेच राहिले, पण त्या काळात दोन फार गमतीदार वस्तू तयार झाल्या. एक पेटी चरखा. गांधीजी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात होते, तेव्हा त्यांनी त्यावर पुष्कळ प्रयोग केले, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. उभ्या मोठ्या चाकाऐवजी दोन आडवी चाके, एक मोठे, एक लहान. मोठे चाक लहानाला फिरवते, लहान चाक चातीला. एका मोठ्या चाकाने जो वेग येतो तोच असा दोन टप्प्यांत मिळवलेला, त्यामुळे सगळा चरखा एका पेटीत मावतो. झाकण लावले की काखेत मारून आगगाडीत बसावे. पुस्तकाएवढाही एक प्रकार निघाला.

दुसरी वस्तू धनुष तकली. मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या इंजिनिअरची ही कल्पना. भारतात येऊन ते भारतानंद झाले. मुंबईतल्या निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे इंग्रजी पुस्तक पुढे त्यांनीच केले. त्यांनी चाक काढूनच टाकले. वेळूच्या धनुकलीची दोरी तकलीवरून ओढायची, की तकली गरगर फिरते. ज्या गावात चरखा करणारा सुतार नाही, तिथेही एखादा पोरगा ती करू शकेल, अशी ही वस्तू.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा पाहत होते. रॉकेलऐवजी खाद्यतेलावर जळणारा मगन दीप, झवेरभाई पटेलांनी सुधारलेली वर्धा घाणी, असे प्रयोग तिथे चालत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी तिथे मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. ते आजही पाहता येते. संग्रहालय म्हटले की आपल्याला मूर्ती, नाणी आणि तलवारी आठवतात. हे मात्र चरखे, घाण्या, अवजारे आणि चुली जपण्यासाठी काढले होते. बाभुळगावहून ते काही फार दूर नाही. शाळांच्या सहली शेगावला जातात, चिखलदऱ्याला जातात. एखादी मगनवाडीलाही जावी.

या परंपरेचा शेवट झाला असे कोणी समजू नये. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचे पुढचे चाक आणि हँडल घेतले, त्याला कोळप्याची पास जोडली आणि एका माणसाने ढकलत चालवायचे कोळपे केले. नाव ठेवले ‘कृषिराजा’. २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांना पुरस्कार दिला. अशी सायकल-कोळपी, म्हणजे आमच्या भाषेत सायकल-डवरे, आता विदर्भातही बांधाबांधांवर दिसतात. ज्याला बैलजोडी परवडत नाही, त्याला हा डवरा परवडतो. आणि त्याचे मर्म पुन्हा तेच आहे. सायकलचे चाक, छर्रे, कोन, ट्यूब कुठल्याही आठवडी बाजाराच्या गावात मिळतात. पंक्चर काढणारा प्रत्येक फाट्यावर असतो. तिफनीच्या काळात बांधावरची बाभूळ जे काम करी, ते आज सायकलचे दुकान करते.

आज ट्रॅक्टरमागचे पेरणीयंत्र पाहिले तर तत्त्व तिफनीचेच दिसते. फण वाढले, वेळूच्या जागी प्लास्टिकच्या नळ्या आल्या, मुठीच्या जागी खाचांची चकती आली. त्याने वेळ वाचतो, पेरणी एकसारखी होते आणि बाईला दिवसभर सरत्यामागे चालावे लागत नाही. याचा आनंदच मानला पाहिजे. पण वापशाच्या दिवशी एखादा भाग तुटला आणि तो तालुक्याला नाही, जिल्ह्याला नाही, असे झाले की आभाळाकडे पाहत बसण्यावाचून शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही. ज्याचे भाग कंपनीखेरीज कोणाकडे मिळत नाहीत, जे उघडता येत नाही, ज्याचा नकाशा गावात कोणाकडे नाही, अशी वस्तू विकत घेताना आपण तिच्याबरोबर एक परावलंबनही विकत घेतो. शेतीतल्या माणसाला ते एका पेरणीच्या भावाने पडते.

म्हणून एक साधी विनंती करून थांबतो. बाभुळगाव तालुक्यात आणि सगळ्या वऱ्हाडात अजून कोठ्यांच्या आढ्याला जुन्या तिफनी, चाडी, सरते टांगलेले आहेत. बरेच सरपणात गेले, बाकीचे जातील. त्यांचे दाते कोणत्या कोनात बसवायचे, चाड्याची भोके किती रुंद कोरायची, हे ठाऊक असलेले वाढई म्हातारे झाले आहेत. शाळेतल्या मुलांनी अशा एका आजोबांकडे वही-पेन्सिल घेऊन जावे, तिफनीच्या प्रत्येक भागाचे माप घ्यावे, त्याचे गावातले नाव लिहावे आणि तो मोडला तर कसा नीट करायचा तेही विचारून घ्यावे. पुढे यातला एखादा मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर होईल, नवे यंत्र आखायला बसेल. तेव्हा यंत्र किती भराभर चालते याच्या जोडीने ते बांधावर, भर वापशात, कोण आणि कशाने दुरुस्त करील, हाही प्रश्न त्या कागदावर आधीच लिहिलेला असेल.